सहा जणांत एक डबा

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी माईकवरून आमच्या कॉलेजचं नाव पुकारलं गेलं आणि त्याच वेळी सभागृहाच्या मागच्या दारातून सुभेदार हिंदुराव ढाणे आत आले.

विंगेतून ते आधी शालनला दिसले. शालन ही सुभेदारांची मुलगी आणि आमच्या संघाची मुख्य गायिका. तिच्या अंगावर एन.सी.सी.चा खाकी गणवेश होता आणि हातात पाण्याने भरलेला रॉकेलचा डबा.

"आवळे," ती मला म्हणाली, "आबा आलेत."

"कुठं?"

"मधनं चाललेत. थांबंनात. अगं बया, पहिल्या रांगंत चाललेत!"

पहिली रांग परीक्षकांची होती. दोरी धरून उभा असलेला स्वयंसेवक त्यांना अडवायला पुढे झाला, त्यांच्या मिशा पाहून थांबला आणि त्याने दोरी खाली धरली. सुभेदारांनी ती ओलांडली, परीक्षक लोबो बाईंच्या शेजारची खुर्ची ओढली, काळा कोट सारखा केला आणि दोन्ही हात काठीवर ठेवून ताठ बसले.

"ते येणार नव्हते ना?" आमच्याबरोबर आलेल्या मगदूम सरांनी विचारलं.

"न्हाई म्हणाले होते. 'नंबर आला का तेवढं येऊन सांग' म्हणाले होते."

"उत्तम," सर म्हणाले आणि त्यांनी रुमालाने मान पुसली. "उत्तम. आता चला. हसत हसत जायचं. आनंद दिसला पाहिजे, आनंद. पाणी लागलंय!"

आम्ही हसत हसत रंगमंचावर गेलो.

हे १९८८ च्या ऑक्टोबरातलं. विद्यापीठाचा युवा महोत्सव सांगलीत होता आणि स्पर्धा होती पाश्चात्य समूहगानाची. आमचं कॉलेज नांदगिऱ्याचं. नांदगिरे दुष्काळी पट्ट्यातलं, आणि गावात पाश्चात्य म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे तांबोळ्यांच्या बेकरीतला क्रीमरोल.

मगदूम सर अर्थशास्त्र शिकवायचे. सांस्कृतिक विभाग त्यांच्याकडे आला होता, कारण तो दुसऱ्या कुणालाच नको होता. जुलैत त्यांनी आम्हाला लिंबाखाली बसवलं.

"लोकनृत्याला किती संघ येतात? चाळीसच्या वर. लावणीला? तेवढेच. आपला नंबर कधी आला?"

"न्हाई आला, सर."

"आता मला सांगा, पाश्चात्य समूहगानाला किती येतात?"

असं काही असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं.

"दोन," सर म्हणाले. "एक कोल्हापूरचं, एक सांगलीचं. आपण गेलो की तीन. आणि बक्षिसं किती?"

"तीन!"

"याला म्हणतात बाजारपेठेचा अभ्यास."

दत्ता लिगाडेने हात वर केला. "सर, पण पाश्चात्य म्हंजे नेमकं काय गायचं?"

"ते बघू. आधी नाव नोंदवून टाकतो."

गायचं काय, हा प्रश्न कॉलिनने सोडवला. कॉलिन ऑस्ट्रेलियाचा. हिरवा चारा खड्ड्यात मुरवून उन्हाळ्यासाठी कसा ठेवायचा, हे शिकवायला दूध संघाने त्याला बोलावलं होतं. चारा नव्हता, त्यामुळे त्याच्याकडे भरपूर वेळ होता. तो कॉलेजच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरला होता आणि संध्याकाळी पायरीवर बसून गिटार वाजवायचा. शालनने भिंतीवरच्या नकाशात त्याचं गाव बोटाने शोधून काढलं होतं आणि "इथला पाऊस आमच्याएवढाच" असं त्याला ऐकवलं होतं. तेव्हापासून तो तिला प्रोफेसर म्हणायचा.

त्याने आम्हाला त्याच्या आजोबांचं गाणं शिकवलं. त्याच्या मुलुखात मेंढरांची लोकर कातरणारी माणसं ते गात. पहिल्या महायुद्धात लढायला गेलेल्या एका शिपायाचं गाणं. शिपाई रोज टेकडीवरच्या खंदकात पाण्याचा एक डबा घेऊन चढतो. आम्ही सहा जण, डबा एक, माणशी एक मग. 'ड्रिंक इट अप, मेट, ड्रिंक इट अप'. दुसऱ्या कडव्यात पाच जण, डबा एक, माणशी मगाहून थोडं जास्त. मग चार जण, दीड मग. तिघांना दोन. दोघांना तीन. आणि शेवटच्या कडव्यात शिपाई म्हणतो, आज अख्खा डबा माझा. चाल अशी की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलावा.

कॉलिनने दोन गोष्टी बजावल्या. जितके गाणारे असतील तितक्यांपासून सुरू करायचं आणि दर कडव्याला एकाने गप्प व्हायचं. आणि दुसरं, गाणं मजेत म्हणायचं. "आजोबा मजेतच म्हणायचे," तो म्हणाला. "तोंड पाडून म्हटलं की गाणं बिघडतं."

"पण हे कशाबद्दल आहे?" मी विचारलं.

"पाण्याबद्दल," तो म्हणाला. सप्टेंबरात तो मायदेशी गेला.

आम्ही शब्द देवनागरीत उतरवून पाठ केले होते. इंग्रजीच्या विभागप्रमुखांनी ते एकदा ऐकले आणि हे इंग्रजी अशुद्ध आहे, आपण यात पडणार नाही, असं सांगून टाकलं. अर्थ लावायचं काम आमच्याकडेच आलं.

"माणशी एक मग, मग दीड, मग दोन," दत्ता बोटांवर मोजत म्हणाला. "पाणी वाढत चाललंय, सर. टँकर वाढवले असणार."

"खंदकात कसला टँकर आणतोस?" शालन म्हणाली.

"मग झरा लागला!"

"झरा," मगदूम सर म्हणाले. "बरोबर. झरा लागला. म्हणून आनंद चढत चढत जातो. अभिनय तसाच बसवायचा."

आमच्याकडे त्या वर्षांत पाण्याचा हिशेब माणशी व्हायचा. तहसीलदार येऊन माणशी किती ते सांगून जायचे, आणि आकडा वाढला की गावात गुलाल उडायचा. त्यामुळे गाण्यात संशय घेण्यासारखं काही आम्हाला दिसलं नाही.

सरांनी ते झोकात बसवलं. जो गप्प होईल त्याने मागे जाऊन लेझीम खेळायची. शेवटी पुढे एकटी शालन, मागे पाच लेझमी, आणि अख्खा डबा माझा म्हणताच तिने डबा उचलून स्वतःच्या डोक्यावर ओतायचा. गिटार वाजवणारं कुणी नव्हतं, म्हणून साथीला माझी हलगी. ती माझ्या आजोबांची, लग्नावऱ्हाडाचे चार मुलुख बघितलेली.

राहिली शालनच्या घरची परवानगी. सर आणि मी ढाणेवाडीला गेलो. सुभेदार एकाहत्तरच्या लढाईत होते एवढं गावाला माहीत होतं. त्यावर ते बोलत नसत. कुणी विचारलंच तर "थंडी लई होती" म्हणत.

"गाणं कसलं?" त्यांनी विचारलं.

"ऑस्ट्रेलियाचं लोकगीत आहे. सैनिकाचं," सर म्हणाले. सैनिक या शब्दावर त्यांनी जोर दिला.

"कुठल्या पलटणीचा?"

सर माझ्याकडे बघू लागले.

"पाणी वाहतो, सुभेदार," मी म्हणालो. "खंदकात पाणी पोचवतो. शेवटी झरा लागतो."

"झरा." सुभेदारांनी मला नीट बघून घेतलं. "खंदकात."

"हो."

"बरं."

मग ते मुद्द्यावर आले. "पोरीला मागणी आलीय. पाटणकडचे घार्गे. पोरगी म्हणती, शेवटचं वर्ष करू द्या, भूगोल घेऊन फुडं शिकू द्या. मी म्हणतो, झालं तेवढं रग्गड झालं."

"सुभेदारसाहेब, मुलगी हुशार आहे हो."

"हुशार हाय म्हणूनच मागणी आलीय." सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "असं करू. पहिला नंबर आणू द्या. आणला, तर घार्ग्यांना मी नको म्हणून कळवतो, पोरीनं हवं तेवढं शिकावं. न्हाई आणला, तर दिवाळी झाली की पाव्हणे येतील. त्यांनी हो म्हटलं की मांडव."

"आणि दुसरा आला तर?"

"लढाईत दुसरा नंबर असतोय का, सर?"

आतल्या दारातून शालनचा आवाज आला. "आबा, तीनच टीम हायत."

"मग तर लईच सोपं हाय," सुभेदार म्हणाले आणि चहा सांगितला.

तर असे आम्ही त्या दिवशी रंगमंचावर उभे होतो. तीन मुली, तीन मुलगे, सगळे खाकीत, आणि कडेला हलगी घेऊन मी. आमच्या आधी कोल्हापूरवाले काळ्या सुटात येऊन चर्चमध्ये गातात तसं काहीतरी फार गोड गाऊन गेले होते आणि श्रोते पेंगुळले होते.

वेळ सांभाळायला प्राध्यापक दिवाण बसले होते. त्यांच्या टेबलावर हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन दिवे होते. लाल दिव्यानंतर जो गाईल तो संघ बाद, हे त्यांनी सकाळी तीनदा सांगितलं होतं.

"हे काय?" ते माझ्याकडे बोट करून म्हणाले. "पाश्चात्य गाण्याला हलगी?"

विंगेतून मगदूम सरांचं डोकं बाहेर आलं. "नियमात 'तालवाद्य' एवढंच लिहिलंय, दिवाण सर. कुठल्या दिशेचं ते लिहिलेलं नाही."

श्रोत्यांत हशा पिकला. दिवाणांनी परीक्षकांकडे पाहिलं. लोबो बाई बेळगावच्या, आयुष्यभर पियानो शिकवलेल्या. त्या म्हणाल्या, "वाजवू दे. मला ऐकायचंय."

हिरवा दिवा लागला. मी हलगीवर टिपरी टाकली.

पहिल्या कडव्यालाच मागच्या रांगा जाग्या झाल्या. दुसऱ्या कडव्याला टाळ्यांचा ठेका सुरू झाला. दत्ता पहिला गप्प झाला, उडी मारून मागे गेला आणि त्याने लेझीम घेतली. एकच शिट्टी आली, मग दहा आल्या. तिसऱ्या कडव्याला दुसरी लेझीम, चौथ्याला तिसरी. 'ड्रिंक इट अप, मेट' आता सगळं सभागृहच म्हणायला लागलं होतं. कोल्हापूरच्या काळ्या सुटातला एक जण खुर्चीवर चढून नाचत होता. लोबो बाईंचा पाय हलत होता. दिवाण सरांची पेन्सिल टेबलावर ठेका धरत होती, ते त्यांच्या लक्षात आल्यावर त्यांनी ती खिशात ठेवली.

हलणार नाही असा सभागृहात एकच माणूस होता. सुभेदार काठीवर हात ठेवून बसले होते. दर कडव्याला एक जण मागे गेला की त्यांची नजर पुढे उरलेल्यांवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायची.

शेवटचं कडवं आलं. शालन एकटी पुढे, मागे पाच लेझमी खळाखळा वाजतायत, मी हलगी फुटेल इतकी बडवतोय. अख्खा डबा माझा म्हणत तिने डबा उचलला आणि डोक्यावर पालथा केला. पाणी पायांवरून वाहत पहिल्या रांगेपर्यंत गेलं. सभागृह उठून उभं राहिलं. "वन्स मोअर! वन्स मोअर!" पिवळा दिवा जळत होता. विंगेत मगदूम सर दोन्ही हातांची पहिली बोटं वर करून नाचत होते. पहिला नंबर! शालन निथळत उभी होती आणि तिला हसू आवरत नव्हतं.

तेव्हा सुभेदार उठले. त्यांनी काठी दोनदा फरशीवर आपटली. मिशांमुळे असेल किंवा कोटामुळे असेल, पण लोक गप्प झाले.

"बाकीची कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

शालनने तोंडावरचं पाणी पुसलं. "मागं हायत की, आबा."

सभागृह पुन्हा हसलं. दत्ताने मागून लेझीम हलवून दाखवली.

"ती न्हवं," सुभेदार म्हणाले. "गाण्यातली. सहा होती. बाकीची पाच कुठं गेली?"

शालनने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मी तिच्यापासून चार हातांवर होतो. तिचे ओठ हलताना मला दिसत होते. सहा, पाच, चार, असं ती पुन्हा मोजत गेली आणि एकावर आल्यावर थांबली. तिच्या हातातला डबा हळूहळू खाली आला. मागे कुणाची तरी लेझीम एकदा वाजली आणि वाजवणाऱ्याने ती दुसऱ्या हाताने धरली.

"परत म्हण," सुभेदार म्हणाले.

"बाबा, खाली बसा!" दिवाण सर उभे राहिले. "सहा मिनिटं झाली. हा बघा लाल दिवा. आता गायलं तर संघ बाद होईल."

"दिवा मला दिसतोय."

"आबा, नंबर जाईल," शालन म्हणाली. हे तिने हळू म्हटलं, पण माईक चालू होता आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"जाऊ दे."

"आबा, तुम्हीच म्हणाला होता—"

"घरचं घरी बघू, शाले. हितं गाणं पुरं कर. ह्या वेळंला लेझीम नको."

विंगेत मगदूम सरांनी हात जोडले होते. ते मान जोरजोरात हलवत होते, उतरा, उतरा. शालनने त्यांच्याकडे पाहिलं, लाल दिव्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं. मग डबा पायाशी ठेवला.

"आवळे," ती म्हणाली, "वाजव."

चाल तीच होती, लयही तीच. कॉलिनने सांगितलं होतं तसं आम्ही मजेतच म्हटलं. फक्त जो गप्प होई तो होता तिथेच खाली बसे. पहिल्या कडव्यानंतर दत्ता बसला. मग इंदू, मग सुभान, मग एकेक. टाळ्यांचा ठेका पुन्हा सुरू झाला होता, तो तिसऱ्या कडव्याला विरला. शेवटी शालन उभी होती आणि बाकीचे पाच तिच्या दोन्ही बाजूंना ओल्या फळ्यांवर बसलेले होते. आज अख्खा डबा माझा, ती म्हणाली, आणि 'ड्रिंक इट अप, मेट' हे तिने बसलेल्या एकेकाकडे बघत म्हटलं. डबा रिकामा होता. तिने तो उचलला नाही.

दिवाण सर लाल दिवा विझवायचे आणि पुन्हा लावायचे. आम्हाला तो दिसला नसेल असं त्यांना वाटत असावं.

आम्ही बाद झालो. लोबो बाईंनी भांडून पाहिलं. "पहिल्यांदा गायली ती कवायत होती," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा गायली ते गाणं होतं. मला दुसऱ्याला गुण द्यायचेत."

"बाई, दुसऱ्याची वेळ पहिल्यापासून मोजली जाते," दिवाण सर म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते, पण नियम नियम होता.

संध्याकाळी आम्ही दूध संघाच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसलो. सुभेदार पुढे ड्रायव्हरशेजारी. गाडी शहराबाहेर पडली. मग मगदूम सर मागून म्हणाले, "अर्थशास्त्रात असं उदाहरण नाही. तीन संघांत आपण चौथे आलो."

आधी दत्ता फिसकन हसला. मग इंदू. मग शालनने गणवेशाची ओली बाही तोंडात कोंबली, तरी तिला आवरेना. विट्यापर्यंत आम्ही हसत होतो. हसू थांबलं की कुणीतरी "चौथे" म्हणायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. ड्रायव्हरने एकदा गाडी कडेला घेतली, कारण त्याला समोरचं दिसेना.

या सगळ्यात सुभेदार एकदाच बोलले. मागे न वळता, समोरच्या रस्त्याकडे बघत.

"आमच्या खंदकात बी शेवटी शेवटी भाकऱ्या उरायला लागल्या होत्या."

ड्रायव्हरने त्यांच्याकडे पाहिलं. थोड्या वेळाने सुभेदारांनी बोटांनी काठीच्या मुठीवर ठेका धरलेला मला मागून दिसला. ठेका आमचाच होता.

दिवाळीनंतरच्या शनिवारी एस.टी.च्या कंडक्टरकडून मला निरोप आला. सुभेदारांनी सांगितलंय, उद्या सकाळी वाडीला ये. हलगी घेऊन ये.

मी गेलो तेव्हा दत्ता, इंदू, सुभान आणि बाकीचे दोघे तिथे आधीच आले होते. आम्हाला मागच्या खोलीत बसवलं. मगदूम सरांना बाहेर सोप्यात पाहुण्यांशेजारी बसवलं होतं. कशासाठी बोलावलंय हे कुणालाच माहीत नव्हतं. मी सवयीने मागच्या दाराच्या पायरीवर बसलो, तर सुभेदार येऊन म्हणाले, "वर ये. हितनं आवाज पोचत न्हाई."

दहाच्या सुमाराला घार्ग्यांची जीप आली. मुलगा, त्याचे आईवडील आणि काका. मुलगा पाटबंधारे खात्यात होता आणि सगळा वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत होता. बोलायचं काम काकांकडे होतं. शालन पोहे घेऊन आली, पाटावर बसली. नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, सगळं रीतसर झालं. मग काकांनी रीतीप्रमाणे विचारलं, "मुलीला एखादं गाणंबिणं येतं का?"

"येतं," सुभेदार म्हणाले. "पण एकटीला येत न्हाई. सहा जण लागत्यात."

काकांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "किती?"

सुभेदारांनी आतल्या दाराकडे बघून आवाज दिला. "या रे!"

आम्ही बाहेर आलो. मुलाच्या आईने पदर सावरला. काकांच्या हातातला पोह्यांचा चमचा हवेत राहिला. शालन पाटावरून उठली, पदर खोचला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आवळे, वाजव."

घार्गे मंडळी सुरुवातीला फार खूश झाली. काका तर दुसऱ्या कडव्याला टाळ्या वाजवत होते. पण सुभेदार दर कडव्याला त्यांना मराठीत सांगत होते, आता पाच, आता चार. तिघांवर आल्यावर काकांनी पोहे खाली ठेवले. शेवटचं कडवं शालनने एकटीने म्हटलं तोवर मुलाने पहिल्यांदाच बुटांवरून नजर उचलली होती.

"छान," काका म्हणाले. "वेगळंच आहे जरा. मुलीला पुढं काय करायचंय म्हणालात?"

"भूगोल," सुभेदार म्हणाले.

"आणि तुमचं काय म्हणणं?"

"माझा शब्द असा होता, की नंबर न्हाई आला तर पाव्हण्यांना बोलवीन. नंबर आला न्हाई. तुम्हाला बोलावलं. फुडचं तुम्ही सांगायचं."

काकांनी भावाकडे पाहिलं, भावाने बायकोकडे. "घरी बोलतो," काका म्हणाले. "चार दिवसांत निरोप पाठवतो."

जीप गेली. आम्ही अंगणात उभे होतो. शालन दारात होती, हातात रिकाम्या बश्या. सुभेदार मगदूम सरांना सोडायला फाटकापर्यंत आले.

"सर, निरोप येईस्तवर पोरगी घरात बसून काय करणार? उद्यापासनं कॉलेजला पाठवतो."

"आणि निरोप आल्यावर?"

"आल्यावर बघू."

शालनने ते वर्ष पूर्ण केलं. पुढे कोल्हापूरला एम.ए. केलं, भूगोलात. दर जूनमध्ये फी भरायला सुभेदार तिच्याबरोबर जायचे आणि निघताना घरच्यांना सांगायचे, की मागे घार्ग्यांचा निरोप आला तर तार करा. ती आता साताऱ्यात शिकवते. मी वर्तमानपत्रात लागलो, त्याला पस्तीस वर्षं होतील.

सुभेदार अठ्ठ्याऐंशीचे आहेत. त्यांना कमी दिसतं, ऐकू मात्र नीट येतं. गेल्या महिन्यात त्या बाजूला एका बातमीसाठी गेलो होतो, तेव्हा वाडीला उतरलो. सोप्यात बसलो होतो. चहा झाल्यावर मी विचारलं, "सुभेदार, पाटणकडनं काही कळलं का?"

"अजून न्हाई," ते म्हणाले. "वाट बघतोय."